चेंगडूला जायचंय? पांडांची सकाळ कशी साधायची आणि बाकीचे दिवस कसे लावायचे

नकाशेवाला

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूच्या सहलीत बहुतेकांची गडबड एकाच ठिकाणी होते. पांडा केंद्रावर अकरा वाजता पोचायचं, झोपलेल्या पांडांच्या पाठी बघायच्या आणि परत यायचं. म्हणून धाग्याची सुरुवात त्या सकाळपासूनच करतो. बाकीच्यांनी पुढे भर घालावी.

शहराच्या ईशान्येला, मध्यापासून साधारण १० किमीवर पांडा प्रजनन संशोधन केंद्र आहे. १९८७ साली जंगलातून वाचवून आणलेल्या सहा पांडांवर ते सुरू झालं. आता विस्तारानंतर जुन्या आवाराच्या दुपटीहून मोठं आहे, त्यामुळे "दोन तासांत बघून होतं" हे जुन्या प्रवासवर्णनांतलं वाक्य विसरा. अर्धा दिवस धरा.

तिकीट ५५ युआन (१ युआन म्हणजे ढोबळमानाने १२-१३ रुपये). केंद्र सकाळी ७.३० ला उघडतं. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट क्रमांक टाकून आधी काढावं लागतं, सकाळ किंवा दुपार असं सत्र निवडावं लागतं. सकाळचंच घ्या. वीचॅटमधल्या केंद्राच्या अधिकृत खात्यावर किंवा ट्रिप डॉट कॉमवर मिळतं. खिडकीवर जाऊन बघू असं म्हणून निघू नका, सुट्टीच्या दिवसांत तिकिटं आधीच संपतात.

फाटकावर मूळ पासपोर्टच लागतो, फोटोकॉपी किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. चूक होते ती बुकिंगमध्ये: पासपोर्ट क्रमांकाचं पहिलं इंग्रजी अक्षर गाळणं, शून्याच्या जागी "ओ" टाकणं, किंवा नवा पासपोर्ट काढल्यावर जुनाच क्रमांक ॲपमध्ये राहून जाणं. यंत्र क्रमांक जुळवतं, तुमचा चेहरा बघून सोडत नाही.

सकाळ का? रखवालदार पहाटेच अंगणात ताजा बांबू टाकतात, सोबत धान्य आणि बांबूच्या पिठाचे वाफवलेले गोळे. पांडा खातात, थोडे खेळतात, की झोपले. शिवाय तापमान २६ अंशांच्या वर गेलं की त्यांना बाहेर ठेवत नाहीत, वातानुकूलित खोल्यांत घेतात. जून ते ऑगस्टमध्ये हा आकडा सकाळी साडेनऊलाच ओलांडला जातो. मग उरते काचेपुढची रांग, आणि फोटोत पांडाऐवजी रांगेतल्या लोकांचं प्रतिबिंब. नोव्हेंबर ते मार्चमध्ये मात्र दुपारीसुद्धा पांडा बाहेर असतात.

मेट्रोची ३ नंबरची लाइन "श्योंगमाओ दादाओ" (अर्थ: पांडा मार्ग) या स्टेशनावर उतरवते, तिथून पुढे बस. पण साडेसातला फाटकावर असायचं असेल तर हॉटेलातून थेट दीदीची टॅक्सी करा. चालकाला दक्षिण फाटक की पश्चिम फाटक हे चिनी अक्षरांत दाखवा. दोन्हींत बरंच अंतर आहे.

केतकी

छान माहिती. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि आठ वर्षांची मुलगी आहे. आत चालणं किती? आणि ती प्रसिद्ध हुआहुआ पांडा दिसायलाच हवी का? मुलीने तिचे व्हिडिओ पाहिलेत.

बांबूचे_बेट

केतकी, आवार डोंगराळ आहे. सतत चढ-उतार, पण रस्ते पक्के. सगळे विभाग पायी केले तर सहज ८-१० किमी होतात. आत पैसे देऊन बसायच्या विजेच्या गाड्या आहेत. आईबाबांसाठी गाडीने सर्वांत वरच्या थांब्यापर्यंत जा आणि उतारावरून चालत खाली या. उलटं केलंत तर दमणूक दुप्पट.

हुआहुआबद्दल स्पष्ट सांगते. ती ४ जुलै २०२० ची. आखूड पाय, गोल डोकं, त्यामुळे चीनभरातून लोक फक्त तिच्यासाठी येतात. तिच्या अंगणाची रांग वेगळी असते, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत ती दोन तासांवर जाते, आणि समोर पोचल्यावर मोजकी मिनिटं मिळतात, मग पुढे सरकवतात. ती दोन तासांची रांग म्हणजे बाकीच्या सगळ्या पांडांची जेवणाची वेळ. मुलीचा हट्ट असेल तर फाटक उघडताच, दुसरीकडे न बघता, आधी तिकडेच जा. नाहीतर सोडून द्या. आठ वर्षांच्या मुलीला समोर बसून खाणारा कुठलाही पांडा पुरतो.

आणि खाताना नीट बघायला लावा तिला. पांडा माणसासारखा बूड टेकून बसतो, मागचे पाय पुढे पसरतो. बांबू धरतो तो पंजाच्या कडेच्या "सहाव्या बोटाने". ते बोट नाहीच, मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय. कांडं तोंडाच्या एका कोपऱ्यात आडवं धरून हिरवी साल दाढांनी सोलतो, सालीच्या पट्ट्या पोटावर पडत राहतात. पानं मात्र एकेक खात नाही, तोंडाच्या कडेला जुडी जमवतो, मग ती हातात घेऊन विड्यासारखी चावतो. शांतता असेल तर कड्कड् आवाज पंधरा फुटांवरून ऐकू येतो. वंशाने मांसाहारी, आतडी आखूड, म्हणून खाल्लेल्यातलं जेमतेम १७ टक्के पचतं. त्यामुळे दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू आणि उरलेला वेळ झोप. हे मुलीला आधी सांगितलंत तर "हा नुसता झोपतोच" अशी निराशा होणार नाही.

पिल्लं बहुतेक जुलै ते सप्टेंबरात जन्मतात. जन्मतः वजन १०० ते १५० ग्रॅम, आईच्या जवळजवळ हजाराव्या भागाइतकं, गुलाबी आणि केस जवळपास नाहीतच. ती काचेमागे दिसतात. गवतात लोळणारी काळी-पांढरी पिल्लं बघायची असतील तर हिवाळा किंवा त्यानंतरचा वसंत धरा.

केतकी

धन्यवाद! आम्ही एप्रिल धरतोय. पिल्लाला मांडीवर घेऊन फोटो काढता येतो असं एका एजंटने सांगितलं. खरं आहे का?

बांबूचे_बेट

नाही. पूर्वी पैसे देऊन तशी सोय होती, ती बंद झाली. पांडांना कुत्र्यांमधल्या डिस्टेंपरसारखे आजार होतात, माणसांची येजा जितकी जास्त तितका धोका. आज कोणी हे विकत असेल तर ते पॅकेज घेऊ नका.

लाल पांडाही याच आवारात आहेत, ते चुकवू नका. नावात पांडा असला तरी तो अस्वलांच्या कुळातला नाही, त्याचं कूळच वेगळं. आपल्या सिक्कीमचा तो राज्यप्राणी. तिथे जंगलात तो दिसणं दुर्मीळ, इथे कुंपणाच्या कडेने ये-जा करताना दिसतो.

डोंगरवाट

एक मतभेद नोंदवतो. शहरातलं केंद्र गर्दीचं आहे, त्यापेक्षा दूजियांगयेनजवळचं, छिंगछेंगशान गावातलं केंद्र बरं. तिकीट ५८ युआन, माणसं कमी, झाडी जास्त, पांडा शांतपणे बघता येतात. परदेशातून परत आलेले आणि आजारी किंवा म्हातारे पांडा तिथे ठेवतात.

बांबूचे_बेट

गर्दीबद्दल सहमत. पण तिथे पांडांची संख्या कमी आणि पिल्लं सहसा नसतात. मूल सोबत असेल, पहिलीच भेट असेल तर शहरातलं. दुसऱ्यांदा जाणाऱ्याने किंवा गर्दीचा त्रास होणाऱ्याने तुम्ही म्हणता ते. दोन्ही एकाच सहलीत करायची गरज नाही.

ज्यांना जंगलाच्या जवळ जायचंय त्यांच्यासाठी वोलोंगचं शेनशुपिंग केंद्र आहे, पण तो डोंगरी रस्त्याचा वेगळा दिवस. जुनं वोलोंग केंद्र १२ मे २००८ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं, त्यानंतर हे नवं बांधलं.

रुळावरून

प्रवासाबद्दल थोडक्यात.

विमानतळ दोन आहेत: शहराजवळचा श्वांगल्यू आणि आग्नेयेला सुमारे ५० किमीवरचा थ्येनफू, जो जून २०२१ मध्ये सुरू झाला. तिकिटावर "चेंगडू" एवढंच वाचू नका. सीटीयू म्हणजे श्वांगल्यू, टीएफयू म्हणजे थ्येनफू. आंतरराष्ट्रीय विमानं बहुतेक थ्येनफूला. तिथून मेट्रोची १८ नंबरची लाइन थेट दक्षिण रेल्वे स्टेशनला. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा. दोन्ही विमानतळ १९ नंबरच्या मेट्रोने जोडलेत, पण सामान पुन्हा जमा करायचं असतं.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावाच लागतो. २४० तासांची व्हिसामुक्त सवलत ज्या देशांना आहे त्यांत भारत नाही, इंटरनेटवरचे तसे व्हिडिओ युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टसाठी असतात.

रेल्वेची तिकिटं १२३०६ या अधिकृत ॲपवर साधारण १५ दिवस आधी उघडतात. खात्यात पासपोर्टची पडताळणी करावी लागते आणि तिला वेळ लागू शकतो, म्हणून खातं घरूनच उघडून ठेवा. चेंगडूत मोठी स्टेशनं अनेक आहेत: पूर्व (दोंग), दक्षिण (नान), पश्चिम (शी) आणि नुसतं "चेंगडू", जे उत्तरेला आहे. टॅक्सीवाल्याला चुकीचं स्टेशन सांगितलं की गाडी गेलीच, कारण सुटण्याच्या काही मिनिटं आधी फलाटाचं फाटक बंद होतं आणि मग विनवणीचा उपयोग नाही. सामानाची तपासणी धरून पाऊण तास आधी पोचा. पासपोर्ट स्वयंचलित फाटकावर वाचला गेला नाही तर शेजारी माणूस असलेली रांग असते, तिथे जा.

तिरफळ

जेवणावर लिहिते. हा भाग मांसाहारी लोकांना सोपा आणि शाकाहारी लोकांना अवघड आहे, आणि अवघड का ते कळलं तर मार्ग निघतो.

भाजी दिसते ती शाकाहारी असतेच असं नाही. मापो तोफूत गोमांसाचा खिमा असतो. दानदान नूडल्सवर डुकराचा. नुसत्या परतलेल्या पालेभाजीत डुकराची चरबी असू शकते, आणि जवळपास प्रत्येक परतलेल्या पदार्थात "जी जिंग" म्हणजे कोंबडीच्या अर्काची पूड पडते. म्हणून नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही. फोनमध्ये चिनी अक्षरांत चार वाक्यं साठवून ठेवा: मी शाकाहारी आहे (उच्चार साधारण "वो छ्र सू"), मांस-मासे नको, प्राण्यांची चरबी नको, जी जिंग नको. अंडं चालत नसेल तर तेही. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं, कारण सुरांमध्ये चूक झाली की अर्थ बदलतो.

खात्रीचं जेवण बौद्ध भोजनालयांत. वनशू मठातलं भोजनालय चांगलं (वनशू म्हणजे आपला मंजुश्री), मठात प्रवेश मोफत. आयदाओथांग या भिक्षुणींच्या मठातलं दुपारचं जेवण साधं आणि स्वस्त. वेळ चुकवू नका, दुपारचं लवकर संपतं. या भोजनालयांत कांदा-लसूणही वापरत नाहीत, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांना किंवा जैन मंडळींना फार सोयीचं. मेनूत "मासा", "बदक" असं दिसलं तरी ते सोयाबीन, गहू आणि अळिंब्यांचं असतं.

रस्त्यावर थ्येनश्वेई म्येन मागा. जाड, चावावे लागणारे नूडल्स, वर गोडसर सोयासॉस, मिरचीचं तेल, तीळ आणि दाणे. मूळ पदार्थात मांस नसतं. ल्यांगफन म्हणजे मुगाच्या सत्त्वाच्या थंड वड्या तिखट रसात, त्याही चालतात.

हॉटपॉटचा लाल रस्सा बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या चरबीवर उभा असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वनस्पती तेलाचा रस्सा (छिंगयौ) आहे का विचारावं. अळिंबीचा पांढरा रस्साही कोंबडीच्या पाण्यावर केलेला असू शकतो. बुडवायच्या वाटीत तिळाचं तेल, लसूण, कोथिंबीर घालतात, तिथे शेजारी ठेवलेलं कालवांचं सॉस टाळा.

आता माझ्या नावाचा मान राखते. सिचुआनची "ह्वाज्याओ" आणि आपली तिरफळं एकाच वंशातली आहेत. बांगड्याच्या आमटीत तिरफळ ज्यांनी चाखलंय त्यांना तो वास लगेच ओळखू येईल. दोन्हींत चव सालीत, बी टाकाऊ. फरक जिभेवर: ह्वाज्याओ जास्त झिणझिणते, ओठ थरथरल्यासारखे होतात, पाणीसुद्धा खारट-आंबट लागतं. या बधिरपणाला "मा" म्हणतात, तिखटपणाला "ला". मुलांसाठी "बू ला" (तिखट नको) बरोबर "बू मा" सांगा, नाहीतर तिखट नसलेलं पण जीभ बधिर करणारं ताट येतं.

केतकी

तिरफळताई, हे सोनं आहे. चार वाक्यं करून घेतेच. पैसे कसे द्यायचे? यूपीआय किंवा रुपे चालतं का?

नकाशेवाला

दोन्ही विसरा. अलीपे आणि वीचॅट पे, दोन्ही ॲप भारतातच उतरवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. एक अडलं तर दुसरं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला ॲपचं जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा.

भारतीय कार्ड अडतं ते दोन कारणांनी. एक, बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंद असतो, तो "ऑनलाइन" आणि "दुकानात" असा दोन्हीकडे चालू करावा लागतो, मर्यादाही वाढवावी लागते. दोन, ओटीपी. भारतीय सिम रोमिंगवर चालू नसेल तर ओटीपी येत नाही आणि कार्ड जोडलंच जात नाही. म्हणून कार्ड जोडण्याचं काम विमानात बसण्याआधी उरका. सोबत ५०० युआन सुट्ट्या नोटांत ठेवा.

अलीपेतच दीदी टॅक्सी आणि मेट्रोचा क्यूआर कोड मिळतो. मेट्रोचं भाडं २ युआनपासून. प्रत्येक स्टेशनावर बॅग तपासतात.

गूगल आणि व्हॉट्सॲप हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर चालतात. पण गूगलचा नकाशा तिथे वापरू नका: चीनमध्ये नकाशांची निर्देशांक पद्धत वेगळी असल्याने तुमची खूण शेकडो मीटर सरकलेली दिसते, नदीच्या दुसऱ्या काठावरसुद्धा. अमॅप वापरा, त्यात इंग्रजी आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा.

पाणीवाटप

डोंगरवाट यांनी दूजियांगयेनचा उल्लेख पांडांसाठी केला, पण लोक तिथे जाऊन खरी गोष्ट न बघता परततात याचं वाईट वाटतं. चेंगडूला पाच दिवस असतील तर एक पूर्ण दिवस इथे द्या.

इ.स.पूर्व २५६ च्या सुमारास शू प्रांताचा अधिकारी ली बिंग याने मिन नदीवर ही पाणीवाटपाची व्यवस्था उभी केली, आणि ती आजही चेंगडूच्या मैदानाला पाणी देते. नदी अडवणारी भिंत नाही. पाणी फक्त वाटलं जातं. पांझरेवरच्या फड पद्धतीचे बुटके बंधारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा विचार लगेच पटेल, इथे तोच कितीतरी मोठ्या नदीवर आहे.

तीन अवयव आहेत. पहिला "माशाचं तोंड", नदीच्या मध्यात नाक काढलेला बांध, जो प्रवाह आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन फाट्यांत चिरतो. आतला फाटा अरुंद आणि खोल, बाहेरचा रुंद आणि उथळ. उन्हाळ्याआधी पाणी कमी असताना खोल फाट्याकडे सुमारे ६० टक्के ओढलं जातं, म्हणजे शेतीला मिळतं. पुरात पाणी वर चढलं की रुंद फाटा जास्त घेतो, प्रमाण उलटतं. दार नाही, चाक नाही, वाटणी आपोआप. (बाहेरच्या फाट्यावर दिसतं ते काँक्रीटचं दार १९७४ चं.)

दुसरा "उडत्या वाळूचा सांडवा", मुद्दाम बुटका ठेवलेला. नदीचं वळण असं आहे की वरचं स्वच्छ पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाकडे जातं आणि तळाचे गोटे-वाळू आतल्या काठाकडे ढकलली जाते. सांडवा नेमका त्या आतल्या काठावर आहे, म्हणून पुरात गोटे त्यावरून उडून मूळ नदीत पडतात.

तिसरं "बाटलीचं तोंड", डोंगर फोडून काढलेली सुमारे २० मीटर रुंदीची खाच. सुरुंग नव्हते. खडक आगीने तापवून त्यावर पाणी ओतत आणि तडे पाडत. या खाचेतून ठरावीक पाणीच आत जाऊ शकतं, जास्तीचं मागे तुंबतं आणि सांडव्यावरून निघून जातं. शहराला पूर येत नाही तो या चिंचोळेपणामुळे.

देखभालीचा नियम देवळाच्या भिंतीवर सहा चिनी अक्षरांत कोरलाय: गाळ खोल काढा, बांध बुटका ठेवा. किती खोल, याची खूण म्हणून तळात लोखंडी कांबी पुरलेल्या आहेत. गाळ काढताना कांब लागली की थांबायचं. त्याहून कमी काढला तर पाणी अपुरं, जास्त काढला तर पूर आत. दोन हजार वर्षं टिकण्याचं कारण या सांभाळण्यात आहे.

चालण्याची दिशा महत्त्वाची. बहुतेक जण खालच्या लीदुई उद्यानाच्या फाटकातून शिरतात आणि वर चढत जातात, त्यामुळे जे दिसतंय ते काय आहे हे शेवटी कळतं. उलट करा. वरच्या, युलेई डोंगराच्या बाजूने शिरा, छिनयेन मनोऱ्यापाशी उभं राहून तिन्ही भाग एका नजरेत बघा, मग खाली अर्वांग देवळात (दोन राजांचं, म्हणजे ली बिंग आणि त्याच्या मुलाचं), झुलत्या आनलान पुलावरून माशाच्या तोंडाकडे, तिथून बांधावरून सांडवा, बाटलीचं तोंड आणि लीदुई उद्यानातून बाहेर. तीन ते चार तास. तिकीट ८० युआन. उतार असला तरी पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. देऊळ आणि माशाचं तोंड २००८ च्या भूकंपात खराब झालं होतं, नंतर दुरुस्त केलं.

रुळावरून

पाणीवाटप यांच्या दिवसाला रेल्वेची जोड देतो. मेट्रोच्या २ किंवा ६ नंबरने शीपूला या, तिथून दूजियांगयेन-छिंगछेंगशानच्या वेगवान गाड्या सुटतात. अर्धा तास, भाडं १०-१५ युआन. लीदुई उद्यान नावाचं स्टेशन खालच्या फाटकाला अगदी जवळ आहे, पण त्या फाट्यावर गाड्या मोजक्या. जाताना दूजियांगयेन स्टेशनला उतरून टॅक्सीने वरच्या फाटकावर जा आणि परतीची गाडी लीदुईवरून मिळाली तर भाग्य समजा. परतीचं तिकीट सकाळीच काढा.

डोंगरवाट

त्याच मार्गावर छिंगछेंगशान. ताओ पंथाचा आद्य डोंगर, दुसऱ्या शतकात झांग दाओलिंग इथे येऊन राहिला. पुढचा डोंगर देवळांचा, तिकीट ८०. मागचा डोंगर ओढे आणि लाकडी पुलांचा, २०, पण चढ बराच. दूजियांगयेनच्याच दिवशी कोंबू नका. दोन्ही मिळून जागतिक वारसा (२०००) आहेत म्हणून एजंट एका दिवसात विकतात आणि दोन्हींची धावपळ होते.

लेशानचा बुद्धही विचारात घ्या. ७१ मीटर उंच, इ.स. ७१३ मध्ये हायथोंग भिक्षूने सुरू केलेलं काम ८०३ ला संपलं. चेंगडूहून गाडी सुमारे तासाभराची. पायाशी उतरणारी कड्यातली वाट अरुंद, एकेरी, आणि सुट्टीत तिची रांग दोन-तीन तास. आईबाबांना बोटीने न्या, ७० युआन, पूर्ण मूर्ती समोरून फक्त बोटीतूनच दिसते. नदीला पाणी वाढलं की बोटी बंद. वर डोक्याजवळ गेलात तर केसांच्या वळ्या नीट बघा: हजाराहून जास्त आहेत, आणि त्यांच्या ओळींत पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या चऱ्या लपवल्यात. दगड मऊ आहे, त्या चऱ्या नसत्या तर चेहरा कधीच झिजला असता.

एमेई डोंगर (शिखर ३,००० मीटरच्या वर) त्याला जोडून एका दिवसात होत नाही. एक रात्र डोंगरावर काढायची तयारी असेल तरच.

चहाचा_पेला

मधले दिवस शहरासाठी मोकळे ठेवा. वूहौ मंदिर, दू फू कवीची झोपडी (दोन्ही ५० युआन) बघण्यासारखी. दू फू ७५९ मध्ये इथे आला आणि जवळपास चार वर्षांत २४० वर कविता लिहून गेला. क्वानचाय गल्ल्या आणि जिनली रस्ता संध्याकाळी एकदा फिरून या, खरेदी नको, भाव चढे आहेत. इमारतीवर चढणारा मोठा पांडा छुनशी रस्त्यावर, मेट्रो स्टेशनाबाहेर मान वर केली की दिसतो.

पण एक दुपार जनता उद्यानातल्या हमिंग चहाघराला द्याच. १९२३ पासून आहे. बांबूच्या खुर्च्या, तळ्याचा काठ. चहा "गायवान"मध्ये येतो: खाली बशी, वर पेला, त्यावर झाकण. पेला बशीसकट उचलायचा, म्हणजे बोटं भाजत नाहीत. झाकण काढून ठेवायचं नाही, तिरकं सरकवायचं, पानं मागे राहतात आणि फटीतून चहा येतो. फार गरम असेल तर झाकणाच्या कडेने पाणी ढवळायचं. झाकण बशीला टेकवून उभं ठेवलं की वाढप्याला कळतं, गरम पाणी हवंय. पाणी पुन्हापुन्हा मिळतं, पैसे एकदाच, त्यामुळे दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा "बीथान प्याओश्वे" मागा, फुलं वर तरंगतात.

कान कोरणारे लोखंडी चिमट्याचा टिंग आवाज करत फिरतात. हवं असेल तर आधी किंमत ठरवा. लहान मुलांना आणि कानाचा त्रास असणाऱ्यांना नको.

डोंगरवाट

सानशिंगदुई राहिलं. उत्तरेला ४० किमी, ग्वांगहानला. तीन हजार वर्षांपूर्वीचे कांस्य मुखवटे, बाहेर आलेले डोळे, ३.९६ मीटरचं कांस्यवृक्ष. दोन मोठे खड्डे १९८६ ला सापडले, संग्रहालयाची नवी इमारत जुलै २०२३ ची. तिकीट ७२, पासपोर्टवर, काही दिवस आधीच काढा, सुट्टीत लगेच संपतं. वेळ नसेल तर शहरातलं जिनशा, मेट्रोच्या ७ नंबरवर त्याच नावाचं स्टेशन. तिथला सोन्याचा सूर्यपक्षी १२.५ सेंमी व्यासाचा आणि फक्त २० ग्रॅमचा, चार पक्षी आणि बारा किरण. एवढ्याशा पत्र्यापुढे लोक अर्धा अर्धा तास उभे असतात. जिनशा सोमवारी बहुतेकदा बंद, बघून जा.

केतकी

सगळ्यांचे आभार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघून ३ मेपर्यंत राहिलो तर?

नकाशेवाला

१ ते ५ मे कामगार दिनाची सुट्टी, देशभर लोक बाहेर पडतात. रेल्वे तिकीट, पांडा केंद्र, लेशान, सगळीकडे त्याचा फटका. तीन आठवडे अलीकडे घ्या. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगची (पूर्वजांच्या स्मरणाचा सण) सुट्टीही असते, ते दोन-तीन दिवस टाळा. ८ ते २० एप्रिल उत्तम. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष यांनाही हाच नियम. आकाश मात्र ढगाळच धरा, खोऱ्यामुळे इथे ऊन कमी. पांडांना ते फार सोयीचं.

रुळावरून

केतकी, चीनमध्येच विमानाने कुठे जाणार असाल तर पॉवर बँकेवर चीनचं थ्री-सी (सुरक्षा प्रमाणनाचं) चिन्ह छापलेलं असलं पाहिजे. २८ जून २०२५ पासून त्याशिवाय देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत. भारतात घेतलेल्यांवर ते सहसा नसतं. रेल्वेला ही अट नाही, पण पॉवर बँकेची क्षमता त्यावर वाचता येईल अशी छापलेली लागते. आणि आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, दोन पिनांचा चार्जर ठेवा.